पाहुणे संघ येणार आहेत: नाशकात हंगामपूर्व फुटबॉल स्पर्धा भरवताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फायनल संपली होती. आमची पोरं चषक उंचावून फोटो काढत होती आणि बाहेरगावाहून आलेल्या एका संघाचे कोच बसच्या पायरीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होते. जवळ जाऊन पाहिलं तर खेळाडूंची नावं आणि प्रत्येक नावापुढे मिनिटं. १६०, १६०, १२०, ४५ आणि अगदी खाली चार नावांपुढे शून्य. "या चौघांना एवढ्या लांब आणलं," ते म्हणाले, "आणि ग्राउंडवर पाय ठेवायला मिळाला नाही." हरल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. लीग तीन आठवड्यांवर आली होती आणि त्यांचे चार खेळाडू होते तसेच घरी चालले होते.

त्या चार शून्यांनी आमची स्पर्धा बदलली. हंगामपूर्व स्पर्धा चषकासाठी नसते. पावसाळाभर सुटलेला सराव अंगात परत यावा, नवी पोरं पारखता यावीत, आणि कुणीही जायबंदी न होता लीगला सज्ज व्हावं, यासाठी संघ प्रवास करून येतात. यजमानाने द्यायची गोष्ट एकच: खेळायला मिळणारी चांगली मिनिटं. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे. चार संघ, एक यजमान आणि तीन पाहुणे, असं धरून चाललोय.

तारीख ठरवताना

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तासाभराच्या अंतरावरच्या इगतपुरीला ३,००० च्या वर. त्यामुळे मुंबईहून घाट चढून येणाऱ्या संघाला कसारा-इगतपुरीत धो धो पाऊस लागतो आणि नाशकात ग्राउंड कोरडं मिळतं. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंची असल्याने सकाळ थंड असते. हंगामाच्या तोंडावर नाशिक निवडायला एवढं कारण पुरेसं आहे.

पण तारीख पंचांग उघडूनच ठरवा. पितृपंधरवड्यात लग्नं नसतात, मंगल कार्यालयं रिकामी असतात, म्हणून मुक्काम सहज मिळेल असं वाटतं. नाशकात ते अर्धंच खरं. त्याच दिवसांत रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला श्राद्धविधींसाठी राज्यभरातून माणसं येतात, पंचवटीतल्या धर्मशाळा भरून जातात. शिवाय पाऊस पुरता गेलेला नसतो. नवरात्रात कालिका देवीची यात्रा असते, मुंबई नाक्याच्या बाजूला गाडी पुढे सरकत नाही, आणि वणीच्या गडाकडे जाणारा रस्ताही गर्दीचा. पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, तुमच्या अर्जाकडे बघायला कुणाला उसंत नसते.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे दसऱ्यानंतरचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार. त्यानंतर मैदानांवर फटाक्यांचे स्टॉल लागायला सुरुवात होते. परतीचा पाऊस तेव्हाही दुपारनंतर गाठू शकतो, म्हणून महत्त्वाचे सामने सकाळी ठेवायचे. संघात शाळकरी मुलं असतील तर सहामाही परीक्षेच्या तारखा आधी विचारून घ्या. आणि २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्या वर्षी मुक्काम, बस, बंदोबस्त सगळंच कठीण जाईल, तेव्हा स्पर्धा सरळ दिवाळीनंतर घ्या.

तारीख किमान दहा आठवडे आधी पक्की व्हायला हवी. पाहुण्या संघाला रजा, बस, पैसे, सगळं जुळवायचं असतं.

सामन्यांची रचना

चुका होतात त्या इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेहमीची पद्धत अशी असते: शनिवारी एक सामना सकाळी, एक संध्याकाळी. रविवारी सकाळी तिसऱ्या क्रमांकासाठी, संध्याकाळी फायनल. कागदावर ठीक दिसतं. पण शनिवारी संध्याकाळी सहाला हरलेला संघ रविवारी सकाळी सातला पुन्हा उतरतो. मध्ये तेरा तास, त्यात झोप, आंघोळ, जेवण आणि ग्राउंडवर येणं. हंगाम सुरू व्हायच्या आधी स्नायू तयार नसतात. मांडीमागची शीर धरते ती अशाच सकाळी.

आम्ही आता असं करतो. शनिवारी दोन्ही मुख्य सामने सकाळी: पहिला ७ वाजता, दुसरा ८:५० ला. अर्ध ४० मिनिटांचं, मध्यंतर १० मिनिटांचं. पहिला साधारण ८:३५ ला संपतो, दुसरा साडेदहापर्यंत. रविवारीही दोन्ही सकाळीच: ७ वाजता तिसऱ्या क्रमांकाचा सामना, ९:१० ला फायनल, दोन्ही आता पूर्ण ९० मिनिटांचे. ऊन चढायच्या आत सगळं आटोपतं. शनिवारी दुसऱ्या सामन्यात हरलेल्या संघालाही वीस तासांची विश्रांती मिळते. सगळ्यात कमी अंतर तेच.

आणि शनिवारी दुपारी चारला त्या शून्यांचे सामने. सकाळी अर्ध्या सामन्यापेक्षा कमी खेळलेल्यांसाठी २५-२५ मिनिटांचे दोन सामने: एक ४ ते ४:५५, दुसरा ५:०५ ते ६. ऑक्टोबरच्या मध्यावर नाशकात सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो, म्हणजे दिव्यांची गरज पडत नाही. या सामन्यांचे गुण धरायचे नाहीत. पोरं कमी पडली तर दोन संघांनी मिळून अकरा करायचे.

हिशेब मांडून बघा. शनिवार सकाळची ८० मिनिटं, दुपारची ५०, रविवारची ९०, एकूण २२०. गुणिले अकरा, म्हणजे २,४२० खेळाडू-मिनिटं. वीस जणांचा संघ असेल तर सरासरी प्रत्येकी १२१ मिनिटं. कोचने ठरवलं तर शून्य कुणाच्याच वाट्याला येत नाही.

चौथा संघ ऐनवेळी गळाला तर स्पर्धा रद्द करू नका. इटलीत त्रोफेओ तिम नावाची तीन संघांची हंगामपूर्व स्पर्धा व्हायची, ४५ मिनिटांचे तीन सामने, एकाच संध्याकाळी. तीच पद्धत दोन दिवसांवर पसरता येते. लंडनमध्ये आर्सेनलने २००७ मध्ये सुरू केलेल्या एमिरेट्स चषकात काही वर्षं प्रत्येक गोलालाही एक गुण दिला जायचा. संघ बचावात बसू नयेत म्हणून ही कल्पना मला आवडते, पण ती गटसामन्यांनाच लागू पडते.

बरोबरी झाली तर थेट पेनल्टी, जादा वेळ नाही. पेनल्टीने निकाल लावण्याची पद्धत अशा स्पर्धांत फार पूर्वीपासून आहे. स्पेनमधल्या कादिझ शहरात १९५५ पासून होणाऱ्या रामोन दे कारान्झा चषकाची १९६२ ची फायनल बार्सिलोना आणि झारागोझा यांच्यात पेनल्टींवर सुटली होती. पाहुण्यांना वेळेत परत जायचं असतं, ही अडचण तेव्हाही होतीच.

बदली खेळाडूंचं आधी लिहून ठरवा. नियमपुस्तकाप्रमाणे अधिकृत स्पर्धेत पाच बदली चालतात. मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही संघांनी एकमताने जास्त आकडा ठरवला आणि रेफरीला सामन्याआधी सांगितला तर तो चालतो. आम्ही नऊ ठेवतो. बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नाही. परत येण्याची मुभा लहान मुलं, ज्येष्ठ, दिव्यांग आणि तळागाळातल्या (ग्रासरूट) खेळाडूंच्या सामन्यांतच देता येते.

परवानग्या

मैदान कुणाचं आहे त्यावर पहिला अर्ज ठरतो. महापालिकेचं, क्रीडा संकुल असेल तर क्रीडा खात्याचं, नाहीतर शिक्षणसंस्थेचं. अर्जात शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस मागा. शुक्रवार आखणीला लागतो, सोमवार आवराआवरीला. नुसते शनिवार-रविवार मागितले आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे क्रिकेटचा सामना रंगलेला, हे आमच्या बाबतीत घडलंय. रात्री बॅटरीच्या उजेडात रेषा मारल्या होत्या.

दुसरा अर्ज जिल्हा फुटबॉल संघटनेकडे. तिच्यामार्फत राज्य संघटनेची, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची मान्यता. हे टाळायचा मोह होतो, पण पाहुण्या संघाचे खेळाडू नोंदणीकृत असतात आणि मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. पाहुण्याला बोलावून अडचणीत आणू नये. रेफरीही याच वाटेने मिळतात.

तिसरा अर्ज पोलीस ठाण्यात, गर्दीचा अंदाज आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी एकत्र मागायची. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही. सातच्या सामन्यालाही शेजारच्या सोसायट्यांचा विचार करून आम्ही आठपर्यंत माइक बंदच ठेवतो.

अठरा वर्षांखालचा एकही खेळाडू येणार असेल तर पालकांचं लेखी संमतिपत्र, मुलांची झोपायची खोली मोठ्यांपासून वेगळी, आणि सोबत त्यांच्याच क्लबचा जबाबदार माणूस. यात सवलत देऊ नका.

मैदान बघणं

मैदान एकदा तीन आठवडे आधी बघा आणि एकदा आठवडाभर आधी. नाशकात काळी माती आणि मुरूम असे दोन्ही प्रकार भेटतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे.

काळ्या मातीत टाच दाबून फिरवा. पाणी वर आलं किंवा बुटाच्या तळाला ढेकूळ चिकटलं तर त्या दिवशी खेळू नका. खेळलात तर पडलेले खड्डे वाळून दगडासारखे होतात आणि पुढच्या शनिवारी तिथेच घोटा मुरगळतो. पाऊस पडून गेला, वरची माती वाफशावर आली की रोलर फिरवायचा. ओल्यावर फिरवलात तर थर बसतो आणि पाणी मुरायचं थांबतं. मुरमाचं मैदान याउलट कधीही खेळायला तयार असतं, पण कडक. आदल्या संध्याकाळी त्यावर टँकरने हलकं पाणी मारा, धूळ बसते आणि घसरून पडल्यावर कातडी कमी सोलते. मैदान कोणत्या मातीचं आहे हे निमंत्रणातच लिहा. मुंबईचा संघ टर्फवरच्या सवयीने येतो. लांब धातूच्या स्टडचे बूट मुरमावर धोक्याचे, आखूड रबरी स्टडचे लागतात. हे आल्यावर कळून उपयोग नाही.

मग खिळे. गणपतीत आणि नवरात्रात मैदानावर मंडप पडलेले असतात. मंडपवाले वासे काढून नेतात, खिळे आणि तारेचे तुकडे मातीत राहतात. दहा-बारा जण हाताच्या अंतरावर एका रांगेत उभे करा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत हळूहळू चाला. प्रत्येकाच्या हातात पिशवी. मग तसंच आडवं. आमच्या पहिल्या वर्षी अशा एका फेरीत अर्धी बादली भरली: खिळे, फुटक्या बाटल्या, एक अख्खा सुतारी रंधा. वाशांचे खड्डे मुरूम टाकून धुमसाने ठोकून घ्या. वरून नुसती माती लोटली तर पाय आत जातो.

दोरी आणि फक्की

नियमाप्रमाणे मैदान ९० ते १२० मीटर लांब आणि ४५ ते ९० मीटर रुंद चालतं. जागा असेल तर १०० बाय ६४ घ्या. काटकोन नजरेने साधत नाही. पहिल्या वर्षी आम्ही पावलांनी मोजलं होतं. पाहुण्या कोचनी सरावाच्या वेळी कॉर्नरपासून चालत चालत एक फेरी मारली आणि काही न बोलता हसले. नंतर फीत लावली तर एक बाजू दुसरीपेक्षा दीड मीटर लांब निघाली.

तेव्हापासून असं करतो. एका कोपऱ्यात खुंटी ठोकायची. टचलाइनवर (मैदानाच्या लांब बाजूवर) त्या खुंटीपासून ८ मीटरवर दुसरी. गोललाइनच्या (आखूड बाजूच्या) दिशेने ६ मीटरवर तिसरी. दुसरी आणि तिसरीमधलं अंतर बरोबर १० मीटर येईपर्यंत तिसरी सरकवायची. आलं की कोपरा काटकोनात. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. १०० बाय ६४ च्या मैदानाचा कर्ण ११८ मीटर ७० सेंटिमीटरच्या आसपास येतो. दोन्ही कर्णांत वीतभरापेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा करा, फक्कीला (रेषा मारायच्या पांढऱ्या पुडीला) हात लावू नका.

आतली मापं: गोलपोस्टच्या आतल्या कडांमध्ये ७.३२ मीटर, क्रॉसबारची खालची कड जमिनीपासून २.४४ मीटर. पोस्टच्या आतल्या कडेपासून दोन्हीकडे साडेसोळा मीटर आणि मैदानात साडेसोळा, म्हणजे पेनल्टी एरिया ४०.३२ मीटर रुंद. गोल एरियाला हेच साडेपाचने. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, आणि त्याच ठिपक्यातून ९.१५ मीटरच्या दोरीने बाहेरचा कंस. मधल्या वर्तुळाची त्रिज्याही ९.१५. कॉर्नरचा कंस एक मीटरचा, झेंड्याची काठी दीड मीटरपेक्षा कमी नको, वरचं टोक बोथट. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि गोललाइन पोस्टच्या जाडीइतकीच.

या सगळ्या रेषा जोडल्या तर जवळपास ७०० मीटर भरतात. दोघांनी दोरी ताणून धरायची, तिसऱ्याने फक्कीचा डबा हलवत चालायचं. सरळ रेषा दोरीच्या आतल्या अंगाने, कारण रेषा ही मैदानाचाच भाग असते. चालणाऱ्याने मागे बघू नये, हात वाकडा होतो. आमच्याकडे हे काम एका निवृत्त क्रीडाशिक्षकांचं असतं. ते डब्याला खाली आठ भोकं पाडतात, भोकांवर पातळ मलमल ताणतात आणि एका लयीत डबा मनगटावर आपटत जातात. रेषा अशी पडते की वाटावं छापलीय.

फक्की म्हणजे फक्कीच. स्वस्तात मिळाला म्हणून चुना कधीही वापरू नका. कळीचा असो की विरवलेला, घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो, आणि गोलकीपर तर दिवसभर त्याच रेषांवर लोळतो. नवी गोणी आली की मूठभर भांड्यातल्या पाण्यात टाका. पाणी गरम झालं तर ती कळी आहे, परत करा. विरवलेला चुना मात्र असा ओळखू येत नाही, म्हणून गोणी ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर मागच्या बारवर वाळूच्या गोण्या आणि दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या. मग दोन दणकट माणसांनी क्रॉसबार पुढे ओढून बघायचा. पोस्ट हललाही नाही पाहिजे. सामन्याच्या मधल्या वेळेत लहान मुलं क्रॉसबारला लोंबकळतात, त्यासाठी प्रत्येक गोलजवळ एक स्वयंसेवक उभा करा.

निमंत्रण

फोन करून मग पत्र पाठवा. पत्रात हे सगळं हवं: तारखा, सामन्यांच्या वेळा, मैदानाची माती आणि मापं, बदलींचा आकडा, किती माणसांचा मुक्काम आणि जेवण यजमानाकडे, प्रवासखर्च कुणाचा, पाऊस आला तर काय. वीस खेळाडू आणि दोन पदाधिकारी, असं बावीसवर थांबा. तीन पाहुणे म्हणजे ६६ माणसं. हा आकडा पाहिला की मुक्कामाचं आणि स्वयंपाकाचं गणित तिथूनच सुरू होतं.

दोन्ही रंगांच्या जर्सी आणायला सांगा. रंग जुळले तर यजमानाने बदलायचं, हा आमचा नियम. एक जादा जर्सी संच आणि बिब्सचे (जर्सीवरून घालायच्या बंड्यांचे) दोन रंग आपल्याकडे ठेवाच.

कोण कुणाशी खेळणार हे पंधरा दिवस आधी ठरवून कळवा. ते उद्‌घाटनाला स्टेजवर लॉट्स काढून ठरवायचा हौशी प्रकार सोडा, संघांना प्रवास आखायचा असतो. शनिवारचा सातचा सामना यजमान संघाने घ्यावा, समोर जवळून आलेला पाहुणा. आपण घरून येतो, आपल्याला पाचला उठायला काय? सर्वांत लांबून आलेल्या दोघांना ८:५० चा.

प्रवास, मुक्काम, जेवण

पाहुणे शुक्रवारी रात्रीच यायला हवेत. मुंबईकरांसाठी संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची, रात्री नाशिक रोडला उतरतात. तिथून शहरात यायला अर्धा तास, त्यामुळे बस स्टेशनबाहेर उभी ठेवा. पुण्याचा संघ नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत येतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या पुढे आणि चाकणला अडकलात तर वेळेचा भरवसा नाही, म्हणून त्यांना दुपारीच निघायला सांगा. धुळ्याचे मालेगाव-चांदवडवरून येतात. पाच तास गुडघे दुमडून बसलेल्या पोराला उतरल्या उतरल्या खेळवायचं नाही. आल्यावर वीस मिनिटं चालणं, थोडं ताणणं, जेवण, झोप.

मुक्काम मैदानापासून गाडीने पंधरा मिनिटांच्या आत हवा. मंगल कार्यालय घेतलंत तर दोन गोष्टी आधी जाऊन बघा: संडास किती आणि गाद्या किती जाड. बावीस माणसांना दोन संडास असतील तर सातच्या सामन्याचा संघ सव्वासातलाही तयार होत नाही.

जेवणात शुक्रवारी रात्री वरण-भात, पोळी, कमी तेलाची भाजी, दही. सामन्याच्या सकाळी साडेपाचला केळं, ब्रेड-जॅम, छोटी बशीभर पोहे, एवढंच. सामना संपल्यावर तासाभरात दूध, उकडलेली अंडी, केळी, आणि अंडी न खाणाऱ्यांसाठी मटकीची उसळ किंवा पनीर. मिसळ रविवारी फायनलनंतर. नाशकात येऊन मिसळ खाल्ल्याशिवाय कुणी परतायला तयार नसतं, पण सामन्याआधी तर्री पोटात गेली की दुसऱ्या अर्धात ती बोलते. स्वयंपाक्याला हे वेळापत्रक लेखी द्या आणि साडेपाच म्हणजे साडेपाच हे दोनदा सांगा.

पाणी माणशी दिवसाला ग्राउंडवर तीन लिटर धरा. चारही संघ मिळून ८८ आणि रेफरी-स्वयंसेवक धरून शंभरच्या वर, म्हणजे ३०० लिटर, २० लिटरचे १५ जार. दोन जादा ठेवा. साखर-मीठ-पाण्याचं प्रमाण साधं आहे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दुसऱ्या सामन्यांत प्रत्येक अर्धाच्या मध्यावर कूलिंग ब्रेक द्यायला रेफरीला सांगा. दीड ते तीन मिनिटांचा ब्रेक नियमात बसतो.

रेफरी

प्रत्येक मुख्य सामन्याला एक रेफरी, दोन असिस्टंट, एक चौथा. यजमान क्लबशी संबंध असलेला माणूस यजमानांच्या सामन्यात नको, तो कितीही सरळ असला तरी. मानधनाची पाकिटं सामन्याआधी तयार ठेवा, नाश्ता आणि बसायला वेगळी जागा द्या. सामन्याआधी संघनायकांसमोर रेफरीला बदलींचा आकडा, अर्धाची लांबी आणि पेनल्टीचा नियम वाचून दाखवा. मॅचसाठी पाच नंबरचे चार बॉल, हवेचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर. रात्री भरलेला बॉल सकाळी थंडीत किंचित बसतो, म्हणून गेज लावून साडेसहाला पुन्हा बघा. सरावाला प्रत्येक संघाला सहा बॉल वेगळे.

अँब्युलन्स आणि गेटची चावी

१०८ ची सेवा आहे, पण ती बोलावल्यावर येते. मैदानावर पूर्णवेळ उभी असलेली अँब्युलन्स आणि डॉक्टर ठरवून घ्या. स्ट्रेचर, बर्फाची पेटी, क्रेप बँडेज, स्प्लिंट हे टचलाइनला हवं, गाडीत नको.

एका वर्षी आमच्याकडे अँब्युलन्स होती, डॉक्टर होते, आणि पाहुण्या संघाच्या डिफेंडरचा पाय मोडला. गाडी मैदानात आणायची तर मोठ्या गेटला कुलूप आणि चावी असलेला वॉचमन जेवायला गेलेला. पोरगा मधोमध पडलेला, आईचं नाव घेत होता. त्याला स्ट्रेचरवर दीडशे मीटर उचलून न्यावं लागलं. प्रत्येक पावलाला तो किंचाळत होता. ती मिनिटं मी विसरलेलो नाही. आता गेटची दुसरी चावी शुक्रवारीच माझ्या खिशात असते आणि अँब्युलन्स गेटमधून एकदा आत आणून, वळवून, बाहेर नेऊन बघतो.

किमान चार स्वयंसेवकांना सीपीआर यायला हवा: छातीच्या मध्यावर दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. कुणालाही न धडकता खेळाडू अचानक कोसळला तर हृदय थांबलंय असंच समजून सुरुवात करा. डोक्याला मार लागून गोंधळलेला, उलटी करणारा खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही. त्यात कोचचंही ऐकायचं नाही.

परतीच्या पावसात विजा असतात. वीज दिसली की मोजायला लागा. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर सगळे आत, झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत किंवा बसमध्ये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटांनीच पुन्हा खेळ. फायनलचा शेवटचा अर्धा तास उरला असला तरी.

सामन्याचे दोन दिवस

प्रत्येक पाहुण्या संघाला एक सोबती द्या. शुक्रवारी स्टेशनवर घ्यायला जाणारा आणि रविवारी बसपर्यंत सोडणारा माणूस तोच. त्याच्याकडे संघाची यादी, आहाराच्या सवयी, कुणाला दमा आहे, कुणाला कशाची ॲलर्जी, हे सगळं असावं. चांगली ड्रेसिंग रूम पाहुण्यांना. माइकवर बोलणाऱ्याने पाहुण्यांची नावं आदल्या रात्री त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावीत. घरापासून दोनशे किलोमीटरवर आपलं नाव नीट ऐकू आलं की पोरगं वेगळंच खेळतं.

प्रेक्षक आणायचे तर जवळच्या शाळांना पत्रं द्या. बार्सिलोना १९६६ पासून जोन गाम्पर चषक खेळते आणि त्या संध्याकाळी नव्या हंगामाचा संघ लोकांसमोर उभा करते. आपणही फायनलआधी यजमान संघ एकेक नावाने बोलवावा, पण त्याआधी तिन्ही पाहुणे संघ. बक्षीस समारंभ पंधरा मिनिटांचा, भाषणं दोनच. पाहुण्यांना एक वाजेपर्यंत बसमध्ये बसवायचं असतं, हातात चिवड्याचं पाकीट देऊन.

आणि चौथ्या रेफरीशेजारी एक माणूस फक्त मिनिटं लिहायला. कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला. दुपारच्या सामन्यांतही. यासाठी शाळेतल्या एखाद्या नीट अक्षराच्या मुलीला किंवा मुलाला बसवा. आमच्याकडे आता दोन बहिणी हे काम करतात आणि त्यांची वही कोचच्या वहीशी एका मिनिटानेही चुकत नाही.

सोमवार

खुंट्या उपटा, त्यांची भोकं बुजवा, जाळ्या वाळवून गुंडाळा, कचरा मोजून भरा, मैदानाच्या जबाबदार माणसाला चावी आणि धन्यवादाचं पत्र हातात द्या. रुग्णालयात कुणी असेल तर त्याच्या घरी फोन. रेफरी, स्वयंपाकी, बसवाला यांचे पैसे त्याच दिवशी चुकते करा.

मग मिनिटांचा तक्ता. चार संघांची चार पानं, प्रत्येक नावापुढे शनिवार सकाळ, शनिवार दुपार, रविवार आणि एकूण. संध्याकाळपर्यंत पाहुण्या कोचच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. गेल्या वर्षी त्या बसच्या पायरीवरच्या कोचचा संघ पुन्हा आला होता. तक्ता पाठवल्यावर पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला. त्यांच्या पानावर सगळ्यात छोटा आकडा ५० होता.